रूळ आपले, गाडी परक्याची

बडनेरा जंक्शनबाहेरच्या चहाटपरीवर आता सुट्ट्या पैशांवरून वाद होत नाहीत. दहा रुपये जमा झाल्याचे छोटा स्पीकरच सांगतो. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय ही व्यवस्था अस्सल स्वदेशी आहे. बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कही नाही. जुन्या वस्तीतील किराणा दुकानदाराचे यात हितच झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या रुळांवर धावणाऱ्या गाड्या कोणाच्या? फोनपेची बहुतांश मालकी वॉलमार्टची, दुसरे ॲप गूगलचे. तीन चतुर्थांशांहून अधिक व्यवहार या दोघांमार्फत होतात. किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीविरुद्ध २०१२ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, तेव्हा वॉलमार्टचेच नाव सर्वांच्या तोंडी होते. आज तिच्याच कंपनीचा फलक आपण हौसेने गल्ल्यावर लावला आहे! दिवसाची विक्री किती, हे पूर्वी दुकानदाराच्या वहीलाच ठाऊक असे.

एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर रोखण्याचा नियम २०२० मध्ये ठरला. त्याची मुदत मात्र पुढे ढकलत डिसेंबर २०२६ वर नेण्यात आली. ग्राहकाला तितके थांबण्याचे कारण नाही. फलक कोणाचाही असो, त्यावरील यूपीआय कोडवर ‘भीम’ ॲपनेही पैसे देता येतात.