वरातीतला जॅझ आणि लेबलावर नसलेली नावे

१/ अमळनेरच्या लग्नसराईत वरातीचा ब्रास बँड आजही 'अलबेला' (१९५१) चित्रपटातील चाली वाजवतो. जाणत्यांना संगीतकार सी. रामचंद्र ठाऊक असतात, भगवानदादा तर सर्वांनाच. परंतु मूळ ध्वनिमुद्रणात ट्रंपेट कोणी वाजवला, पियानो कोणाचा होता, असे विचारले की सारा मांडव गप्प होतो. हे विस्मरण आपोआप घडलेले नाही. ते कसे घडले, याचा हा धागा.

२/ प्रारंभ मुंबईत होतो. १९३५ साली लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ आला पियानोवादक टेडी वेदरफर्ड. शिकागोत त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वादन केले होते. युद्धकाळात त्याने कलकत्त्यात तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९४५ साली त्याच शहरात पटकीने त्याचा अंत झाला.

३/ ही विद्या आत्मसात केली ती प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज राजवटीतील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिदोरीवर ते मुंबईत आले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट घेऊन 'चिक चॉकलेट' झाला. 'अलबेला'च्या एका गाण्यात तो आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. लाखोंनी त्याला पाहिले. नाव किती जणांनी विचारले?

४/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील नाचगाण्याला ओहोटी लागली. चित्रपटांचे वाद्यवृंद मात्र विस्तारत होते आणि त्यांना स्वरलिपी वाचणारे हात हवे होते. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले; १९७७ साली शिष्याने गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले, तेव्हा कोठे ते घरोघरी पोहोचले. तेही एका काल्पनिक पात्राचे नाव म्हणून!

५/ विस्मरणाचे यंत्र येथे सापडते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या लेबलावर चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढेच छापले जाई. वादकाला त्या दिवसाचा मेहनताना मिळे, श्रेय नाही. 'महल'च्या (१९४९) तबकडीवर तर लता मंगेशकर यांच्या जागी 'कामिनी' हे पात्राचे नाव होते. तो अन्याय पुढे दूर झाला, कारण गायिकेचे नाव श्रोत्यांनीच मागितले. वादकांसाठी कोणीही मागणी केली नाही. आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी लेबलालाच संपूर्ण पुरावा मानले.

६/ यावर ठरलेला आक्षेप असा : जॅझ परकीय, मराठी संगीताच्या इतिहासात त्याला स्थान कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी पेटीचा इतिहास आठवावा. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. १९४० साली आकाशवाणीने ती साथीसाठी वर्ज्य ठरवली. तरीही पेटीविना नाट्यसंगीत आज कल्पनेतही येत नाही. पेटीला जो न्याय मिळाला, तो पियानोला नाकारण्याचे कारण कोणते?

७/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ही साहेबांच्या आणि धनिकांच्या हॉटेलांतील करमणूक होती. हे खरे आहे. ताजच्या नृत्यगृहात खानदेशातील कापूस उत्पादकाला प्रवेश नव्हता. परंतु त्याच वादकांचे सूर पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या चालींतून तालुक्याच्या टॉकीजपर्यंत आले. 'आशा'मधील (१९५७) 'ईना मीना डीका' या गाण्याच्या निरर्थक वाटणाऱ्या बोलांत चक्क कोकणी शब्द आहेत. जे संगीत वरातीत नाचवते, ते केवळ धनिकांचे उरत नाही.

८/ आता एक तबकडी पाहावी. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाइल' निघाली. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आणि पियानोवर लुसिला पाशेको. पुरुषांनी भरलेल्या वाद्यवृंदांत पियानोवर बसणारी ही स्त्री. या एका तबकडीवरचा तिचा पियानो निश्चितपणे ओळखता येतो. चित्रपटगीतांतील तिचे वादन मात्र निनावी ठेवले गेले आहे.

९/ इंग्लंडमध्येही असेच घडले होते. मायकेल गॅरिक, पॅट स्माइथ यांसारख्या युद्धोत्तर पियानोवादकांच्या तबकड्या दशकानुदशके विस्मृतीत होत्या. स्माइथचा पियानो कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ स्वीट'मध्येही आहे. २००२ साली जाइल्स पीटरसन यांनी 'इम्प्रेस्ड' हा संग्रह काढला आणि त्या काळातील ब्रिटिश जॅझकडे नवी पिढी वळली. मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांची १९६९ ची 'इंटिग्रेशन' ही तबकडीही लंडनमध्ये पुन्हा प्रकाशित झाली. तिच्यातील एका रचनेचे नाव आहे 'अ स्ट्रीट इन बॉम्बे'. मुंबईच्या रस्त्याची आठवण लंडनने जपावी आणि महाराष्ट्राच्या संगीत-इतिहासाने तिची नोंदही घेऊ नये, यात अभिमान बाळगण्याजोगे काय आहे?

१०/ खानदेशाला तर ही सबब मुळीच शोभत नाही. अमळनेरपासून जवळच, धुळ्यात, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ साली अखेरचा श्वास घेतला. दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. लोकांनी रद्दी मानलेला कागद त्यांनी पुरावा ठरवला. मोडीतले पत्र साधन ठरते, तर लाखेची तबकडी का ठरू नये?

११/ विलंबाला येथे किंमत मोजावी लागते. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते; घर आवरताना ती भंगारात जाते. ज्या वादकांना 'हा पियानो कोणाचा?' असे विचारता आले असते, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. अँथनी गोन्साल्विस २०१२ साली गेले.

१२/ म्हणून अमळनेर, धुळे, जळगावच्या माळ्यांवर तबकडी सापडल्यास ती फेकण्यापूर्वी लेबलाचे आणि वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक उतरवावा. ध्वनिमुद्रणाची ओळख पटवण्यास तो उपयोगी पडतो. तबकडी घरात कोणी, कोठून आणली, हेही लिहून ठेवावे. लेबलावर नाव नाही, म्हणून वादक नव्हता असे होत नाही. पुढच्या वरातीत ती चाल वाजेल, तेव्हा ट्रंपेट कोणाचा होता हे सांगणारा एक तरी माणूस मांडवात असावा.