आधी शिष्य, मग गुरू

22 जुलै 2025 रोजी ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला आणि सॅबथ हेच हेवी मेटलचे जनक, हे पुन्हा सगळीकडे लिहिले गेले. ते रास्तच आहे. बर्मिंगहॅमच्या या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटे नेमकी हीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले, गिटारला बारीक तारा चढवल्या. पुढे 1971च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. बोटांवरचा ताण हलका झाला आणि नाद खर्जात जाऊन अधिकच जड झाला. आजही कित्येक बँड त्याच खर्जात वाजवतात.

पण या जयघोषात त्याच परिसरातला ज्युडास प्रीस्ट हा बँड झाकोळतो, हा अन्याय आहे. सॅबथच्या वादनात ब्लूजचा अंश बराच होता. प्रीस्टने तो जवळजवळ गाळून टाकला. 1974मध्ये ग्लेन टिप्टन आला आणि के. के. डाउनिंगच्या जोडीला दुसरी मुख्य गिटार उभी राहिली. दोघे कधी एकच सुरावट वेगळ्या स्वरांवरून जोडीने वाजवत, कधी सरळ सवाल-जवाब करत. ‘स्टेन्ड क्लास’ (1978) मधले पहिलेच गाणे, ‘एक्सायटर’, कान देऊन ऐकावे. लेस बिंक्सचे दोन्ही पाय बास ड्रमवर अखंड धावतात आणि रॉब हॅलफर्डचा आवाज त्यावरून तारसप्तकात झेपावतो. थ्रॅश मेटल या पुढच्या अतिवेगवान शैलीचा वेग पाच वर्षे आधीच इथे ऐकू येतो. कातडी जाकिटे आणि धातूचे खिळे हा मेटलचा पोशाखही प्रीस्टनेच रूढ केला.

1980मध्ये आयर्न मेडन प्रीस्टच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवत असे. थ्रॅश बँड स्लेयरने 1988मध्ये प्रीस्टचे गाणे आपल्या अल्बममध्ये घेतले. पुढच्यांना हे ऋण ठाऊक होते. अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला मात्र ते दिसायला फार वेळ लागला. सॅबथला 2006मध्ये मान मिळाला, प्रीस्टच्या वाटेनेच पुढे आलेल्या मेटॅलिकाला 2009मध्ये. प्रीस्टचे नाव 2018 आणि 2020 साली मतदानात मागे पडले. 2022मध्ये त्यांना आत घेतले, तेही कलावंतांच्या मुख्य विभागात नव्हे, ‘म्युझिकल एक्सलन्स’ या वेगळ्या पुरस्काराच्या दाराने.