टीव्ही नवा, मारिओ जुना

एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकू. तुमचा नवा टीव्ही सॉलिडच आहे. ५५ इंच, फोर-के, हप्ते अजून चालू! आणि मारिओही चांगल्या घरचाच. प्रॉब्लेम एवढाच, की दोघांची पत्रिका जुळत नाही.

हे स्थळ हल्ली बऱ्याच घरांत बघितलं जातंय. जुन्या गेमिंग मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एम्युलेटर. कम्प्युटरवर तो वर्षानुवर्षं होताच. एप्रिल २०२४मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरचंही दार उघडलं आणि लंच टाइममध्ये हा विषय निघू लागला. (गेम मात्र रीतसर मिळवा बरं का. जुना झाला म्हणून कॉपीराइट संपत नाही.)

माझा चुलत दादा चाळिशीला टेकलाय. कॅसेट फुंकून फुंकून गेम खेळणाऱ्या पिढीचा. नव्या टीव्हीवर त्याने 'सुपर मारिओ ब्रदर्स' लावला आणि दोन मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला. "काय गं, इतकं भंगार दिसायचं हे? आणि यासाठी मी आईचा मार खायचो?" म्हणाला हसत, पण चेहरा पडला होता. इतकी वर्षं जपलेली आठवण एकदम सेकंडहँड निघाल्यासारखा.

तर दादा आणि समस्त दादालोकहो, तुमची आठवण खोटी नाही. तेव्हा ते खरंच छान दिसायचं.

निन्टेंडोचं फॅमिकॉम हे मशीन १९८३चं. त्याचं चित्र जेमतेम २५६ बाय २४० ठिपक्यांचं. आजचा पडदा प्रत्येक ठिपका कात्रीने कापल्यासारखा चौकोनी दाखवतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर तसं नव्हतं. ठिपक्याच्या कडा शेजारच्यात पाझरायच्या, दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राहायची. चित्रकारांनी त्याचाच फायदा घेतला. 'सॉनिक द हेजहॉग'मधला (१९९१) धबधबा आज उभ्या पट्ट्यांची चादर वाटतो. तेव्हाच्या साध्या व्हिडिओ केबलमधून त्या पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी चक्क पारदर्शक दिसायचं. आपल्याकडे तर गेमची वायर बहुतेक घरांत थेट अँटेनाच्या जागी खोचलेली. म्हणजे आणखी झणझणीत मिसळ!

थोडक्यात, टीव्ही हा चित्राचाच अर्धा भाग होता. तो आपण भंगारवाल्याला देऊन टाकला आणि उरलेल्या अर्ध्याला नावं ठेवतोय.

मग ग्राफिक्स 'सुधारायचे' म्हणजे काय? पहिला मोह म्हणजे गुळगुळीत करणं. १९९९चा 'टूएक्सएसएआय', २००३चा 'एचक्यूटूएक्स' हे फिल्टर शेजारचे ठिपके बघून मधली तिरकी रेघ कशी असेल याचा अंदाज बांधतात. डोकं अफलातून आहे, मान्य. पण मारिओ साबणाच्या वडीतून कोरल्यासारखा दिसतो आणि मिशी वितळते. अंदाज शेवटी अंदाजच. एम्युलेटरबाहेरचंही उदाहरण आहे. २००४च्या 'जीटीए : सॅन अँड्रियास'ची नवी आवृत्ती २०२१मध्ये आली. त्यात डोनटच्या दुकानावर बोल्टचा षट्कोनी नट होता, नावातल्या 'नट'वरचा विनोद. सुधारण्याच्या नादात त्याचे कोपरे घासून तो गोल झाला. विनोद गेला, चाक उरलं! कंपनीला त्या आवृत्तीच्या एकूण अवस्थेबद्दल माफी मागावी लागली.

माझं मत सरळ आहे. आधी चित्र जसं दिसायचं तसं दिसू द्या, सुधारणा नंतर.

दादाच्या घरी मी सगळ्यात आधी चित्राची लांबी-रुंदी ४:३ केली. टीव्हीभर ताणलेला मारिओ दिवाळीचा फराळ संपवून आल्यासारखा दिसतो. बाजूच्या काळ्या पट्ट्यांची सवय होते. मग पूर्ण पटीत मोठं करणारं इंटीजर स्केलिंग. फुल एचडी पडदा १०८० ओळींचा. २४०ने भागलं तर साडेचार. म्हणून काही ठिपके चार ओळींचे, काही पाचचे आणि चित्र सरकलं की लुकलुक. फोर-केच्या २१६० ओळी मात्र बरोब्बर नऊ पट. इथे हप्ते वसूल! शेवटी सीआरटी शेडर, म्हणजे ट्यूबची ती पाझर आणि काळ्या फटी परत आणणारा प्रकार. रेट्रोआर्चमध्ये असे ढिगाने आहेत. साध्या लॅपटॉपला 'सीआरटी-इझीमोड' झेपतो; 'सीआरटी-रॉयल'ला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. काळ्या रेघांमुळे चित्र अंधारतं, तेव्हा टीव्हीचा ब्राइटनेस वाढवा आणि गेम मोड चालू ठेवा, नाहीतर उडी उशिरा पडते. दादा पहाटे दोनपर्यंत खेळला. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीला मात्र रेघा नको होत्या. ती 'माइनक्राफ्ट'वर वाढलेली, तिला चौकोनच गोड वाटतात. तिचं प्रोफाइल वेगळं सेव्ह करून दिलं.

थ्रीडीचं औषध वेगळं. १९९४च्या पहिल्या प्लेस्टेशनवर वस्तू त्रिकोणांच्या गणितातून उभ्या राहतात. एम्युलेटरने तेच गणित चौपट मोठ्या पडद्यासाठी मांडलं तर चित्र खरंच रेखीव होतं, इथे अंदाजपंचे काही नाही. तरी भिंती थरथरतात आणि फरश्या वाकतात, कारण ते मशीन कोपरे पूर्ण ठिपक्यांवरच बसवायचं आणि फरशीवरची नक्षी जवळ-लांबचा हिशेब न करता चिकटवायचं. 'पीजीएक्सपी' नावाची सेटिंग दोन्ही दुखणी बरीच आटोक्यात आणते. डकस्टेशनमध्ये ती मिळेल. फक्त 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये (१९९७) जपून. तिथली बरीच पार्श्वभूमी आधीच रंगवून ठेवलेलं सपाट चित्र आहे, ते जुन्याच रिझोल्यूशनचं राहतं. हिरो चकाचक आणि मागे धूसर शहर, अगदी चौकातला कटआउट! अशा गेमला मी दुप्पटच्या वर जात नाही.

आणि खरा ट्यूबवाला टीव्हीच आणायचा विचार असेल तर आधी लिफ्टची आणि रूममेटची परवानगी घ्या. माझ्या रूममेटने २१ इंची डबा एकदा डोळ्यांनी मोजला आणि विचारलं, "मग वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं?"