किल्ली फिरवली आणि...

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने निघाले, की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. ह्युंदाईचा कारखाना इथलाच. १९९८ साली पहिली सँट्रो इथूनच बाहेर पडली. मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅकही इथेच. ह्यांची नोकरी तिथल्याच एका सुट्या भागांच्या कारखान्यात. अशा मोटारींच्या माहेरी आमचीच मोटार बंद पडावी, याला काय म्हणावे!

तो दिवस होता १ डिसेंबर २०१५. तांबरमला चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला, तोच. संध्याकाळी कारखान्यातून निघालेली ह्यांची गाडी गुडघाभर पाण्यात थांबली. घरी पोचायची घाई. ह्यांनी किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा 'खट्' असा आवाज झाला आणि सारे शांत.

पाणी ओसरल्यावर गॅरेजचा अंदाज हाती आला: एक लाख चाळीस हजार! त्यातले नव्वद हजार नुसत्या इंजिनाचे. विमा आहे, म्हणून मी निश्चिंत होते. पण सर्व्हेअरने सांगितले, "सीट, वायरिंगचे पैसे मिळतील, इंजिनाचे नाही. पाण्यात गाडी चालू करायला गेलात, म्हणून ते मोडले."

पुढे कारण कळले. इंजिनात हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. पाणी आत शिरलेले असताना किल्ली फिरवली, की पिस्टन अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. हे नुकसान पुराचे नव्हे, नंतरच्या कृतीचे, असे साध्या पॉलिसीत धरले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. दरवर्षी थोडे पैसे वाचवायचे म्हणून ती मीच नको म्हटली होती!

पण तेव्हा हे कोण कबूल करणार? "किल्ली फिरवायला कोणी सांगितले होते तुम्हाला?" मी फाडकन बोलले. दोन दिवस घरात अबोला. बँकेतली ठेव होती ती सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, घरी यायची ओढ होती म्हणूनच ना त्याने किल्ली फिरवली? माझा गुडघा थांबेल चार महिने. तुम्ही दोघे आधी बोलायला लागा."

मग आम्ही तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अंदाजपत्रक कलमवार मागवले, दुसऱ्या मेकॅनिकला दाखवले. इंजिन बदलण्याऐवजी दुरुस्त होत होते. वीस हजार वाचले. बदललेले जुने भाग परत मागून घेतले. ह्यांनी कंपनीची बस धरली, मी दिवाळीसाठी साठवलेले पैसे काढले. जूनमध्ये सासूबाईंचा गुडघाही झाला.

मैत्रिणींनो, गाडी पाण्यात बंद पडली, तर किल्लीला हात लावू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या. पॉलिसीचे नूतनीकरण करताना बारीक अक्षरे दोघांनी मिळून वाचा.

आजही आभाळ भरून आले, की मी ह्यांना फोन करते, "गाडी राहू दे तिथेच. तुम्ही सावकाश या."