ठेवलेला पुरुष आणि समीक्षकांचा तराजू

डेव्हिड मॅकेन्झी यांचा ‘स्प्रेड’ हा २००९ सालचा चित्रपट बहुतेक अमेरिकी समीक्षकांनी झिडकारला. लॉस एंजेलिसमधील निकी हा देखणा, कफल्लक तरुण सधन स्त्रियांच्या घरी त्यांच्याच पैशावर राहतो. असा पोकळ नायक असह्य आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. कथानक विरळ आहे, हे आम्हांसही मान्य; परंतु पात्राचा दोष कृतीच्या माथी मारणे ही कोठली समीक्षा?

‘प्रेटी वूमन’मध्ये (१९९०) धनिकाने ३,००० डॉलर देऊन आठवडाभरासाठी स्त्री ठेविली, त्याची परीकथा झाली, आणि नायिकेस ऑस्करचे नामांकन मिळाले. व्यवहार तोच, केवळ पैसे मोजणारा हात बदलला. ‘रखेल’ हा शब्द आपल्या भाषेनेही स्त्रीसाठीच घडविला; पुरुषासाठी तसा रूढ शब्द नाही. जेथे शब्दच नाही, तेथे माणूस हसतो किंवा तिरस्कार करतो. विचार करीत नाही.

निकीचे वकीलपत्र आम्ही घेत नाही. अखेरीस तो घरोघर वाणसामान पोहोचवितो. चित्रपटाने त्याचा निवाडा केव्हाच केला आहे. समीक्षकांनी आता आपला तराजू तपासावा. खरेदीदार कोण, हे पाहून ज्याचा काटा झुकतो, तो तराजू न्यायाचा नव्हे.