डीजेचं रेकॉर्डिंग जरूर करा, पण स्पीकरपासून लांब उभं राहून



डीजे म्हणजे खरं तर गाणी एकमेकांत गुंफून वाजवणारा कलाकार. आपल्याकडे मात्र स्पीकरच्या भिंतीलाच डीजे म्हणतात. विसर्जन मिरवणूक असो, हळद असो की गोव्यातली पार्टी, या भिंतीसमोर मोबाईल उंच धरून उभी असलेली मुलं तुम्ही पाहिलीच असतील. त्यांना नुसतं गाणं नको असतं, ते मोबाईलवर केव्हाही मिळतं. हवा असतो तो तिथला माहोल: शिट्ट्या, आरोळ्या, सगळ्यांनी एकदम धरलेला ठेका.

ही हौस चांगलीच आहे. पण स्पीकरला चिकटून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजही खराब येतो आणि कानही खराब होतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डिंग का फाटतं?

प्रत्येक माइकची एक मर्यादा असते. आवाज तिच्यापलीकडे गेला की लहरींचे वरचे टोक कापले जातात आणि नुसती घरघर उरते. शिवाय मोबाईल आपोआप आवाजाची पातळी खाली आणतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी लोकांचा जल्लोष दबतो. म्हणजे जो माहोल टिपायला तुम्ही गेलात, तोच आधी हरवतो!

जाणकार मंडळी असं करत नाहीत. ते गाण्याचा आवाज मिक्सरमधून वायरने थेट रेकॉर्डरमध्ये घेतात. गर्दीसाठी वेगळा माइक स्पीकरपासून दूर, लोकांकडे तोंड करून लावतात आणि नंतर दोन्ही एकत्र करतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ३४ मीटर लांबच्या माइकवर गाणं साधारण एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतं. तेवढा ट्रॅक पुढे सरकवून जुळवतात. यात कुणालाही स्पीकरसमोर उभं राहावं लागत नाही.

कानाचं काय होतं?

आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

डेसिबलचं गणितही समजून घ्या. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मापानुसार ८५ डेसिबलला ८ तास चालतात, ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर ती सहज ओलांडली जाते.

माइकवर ताण आला की मीटरचा लाल दिवा लागतो. कानाला असा दिवा नाही. कानात घुमणारी शिट्टी आणि दडे बसल्यासारखं वाटणं हाच त्याचा लाल दिवा, आणि तो लागतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. "सकाळपर्यंत बरं वाटलं" म्हणून निर्धास्त होऊ नका. असं वारंवार झालं की एक दिवस बरं वाटायचं थांबतं.

मग काय करावं?

• लांब व्हा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. गल्लीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, तिथे आणखी मागे जा. रेकॉर्डिंगही मागूनच चांगलं येतं.

• फोमचे इअरप्लग नीट आत बसवून वापरा. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग नाही.

• अधूनमधून शांत जागी जाऊन कानाला विश्रांती द्या.

• लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरजवळ अजिबात जाऊ नका.

• रेकॉर्डिंग त्याच रात्री हेडफोन लावून जुळवायला बसू नका. थकलेल्या कानाला बारीक, तीव्र सूर कमी ऐकू येतात. तुम्ही ते वाढवत जाता आणि सकाळी तेच कर्कश वाटतात.

• शिट्टी किंवा बहिरेपणा २४ तासांत गेला नाही, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्वरित कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराला उशीर झाला की फायदा कमी होतो. कानात तेल घालू नका.

मंडळांना आणि आयोजकांनाही माझी विनंती आहे. तुमच्या कार्यक्रमाचं चांगलं रेकॉर्डिंग तुम्हीच मिक्सरवरून करा आणि सगळ्यांना द्या. मग पोरांना भिंतीला चिकटायचं कारणच उरणार नाही. आवाज थोडा उतरवलात तर लोकांचा जल्लोषही ऐकू येईल, आणि शेजारच्या घरातल्या आजीआजोबांना झोपही लागेल.

रेकॉर्डिंग फसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतं, गेलेला कान मात्र परत येत नाही. केलेलं रेकॉर्डिंग म्हातारपणी ऐकायचं असेल, तर आज कान जपा.