न्यूमोकोकसचे कवच आणि आपली लस

न्यूमोकोकस हा जिवाणू अनेक धडधाकट मुलांच्या नाका-घशात निमूट राहतो. तो फुप्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, की न्यूमोनिया, सेप्सिस किंवा मेंदूज्वर होतो. त्याचे बळ त्याच्या अंगावरच्या शर्करेच्या कवचात असते. त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे अवघड जाते. या कवचाचे आजवर शंभराहून अधिक प्रकार सापडले आहेत.

बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर सरकारी केंद्रात मोफत मिळणारी पीसीव्ही लस या कवचावरच बेतलेली आहे. २०२१ पासून ती देशभर दिली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘न्यूमोसिल’मध्ये दहा प्रकार आहेत. म्हणजे बाकीचे प्रकार लशीबाहेर राहतात. अमेरिकेत २००० मध्ये सात प्रकारांची लस आली आणि आजार खूप घटला. पण लशीत नसलेला १९ए हा प्रकार वाढला. २०१० च्या तेरा प्रकारांच्या लशीत त्याला घ्यावे लागले. न्यूमोसिलमध्ये तो आहे.

पूर्वापार पद्धतीत जिवाणूवर ठरावीक सीरम टाकून सूक्ष्मदर्शकाखाली कवच फुगल्यासारखे दिसते का, हे पाहतात. त्यातून माहीत असलेलेच प्रकार कळतात. कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये मात्र कवच घडवणारी जनुकेच वाचता येतात. २०२० मध्ये जाहीर झालेल्या १०डी या शंभराव्या प्रकारात कवचाच्या जनुकांचा मोठा तुकडा तोंडात राहणाऱ्या दुसऱ्याच स्ट्रेप्टोकोकसकडून आलेला आढळला. अर्थात, नवा प्रकार ठरवताना शर्करेची रासायनिक रचना आणि सीरमची चाचणीही पाहावी लागते.

अहमदपूरसारख्या तालुक्यात अडचण त्याआधीच सुरू होते. तापाने फणफणलेले मूल रुग्णालयात येईपर्यंत अनेकदा त्याला अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस झालेले असतात. मग रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू वाढत नाही आणि सिक्वेन्सिंगसाठी काही हाती उरत नाही. आपल्याकडे कोणते प्रकार फिरताहेत हे कळले नाही, तर पुढच्या लशीत काय हवे ते इतरांच्या आकड्यांवर ठरेल. म्हणून गंभीर आजारी मुलाचे रक्त, उपचाराला उशीर न करता, पहिल्या इंजेक्शनआधी कल्चरसाठी घ्यायला हवे आणि ते लातूर-नांदेडच्या प्रयोगशाळेपर्यंत वेळेत पोहोचायला हवे. पालकांनी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नये आणि नऊ महिन्यांचा डोस चुकवू नये.